केळीच्या बागेपासून वनस्पतिशास्त्रापर्यंत



बारावी विज्ञानाचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमधून दोन-तीन आठवडे एकच चर्चा चालते. ज्याला भरपूर गुण मिळाले तो मेडिकल किंवा इंजिनिअरिंगच्या मागे लागतो. ज्याचा तेथे नंबर लागत नाही तो खाली मान घालून बी.एस्सी.चा अर्ज भरतो. त्यातही वनस्पतिशास्त्र घेतले असे सांगितले तर शेजारीपाजारी विचारतात, "बॉटनी घेऊन काय करशील बाबा? पाने-फुले मोजत बसशील?" मुलाजवळ उत्तर नसते. आईवडिलांजवळ तर नसतेच. उरलेला विषय म्हणून घेतलेली बॉटनी मग तीन वर्षे उरल्यासारखीच शिकली जाते, आणि पदवीचा कागद पेटीत पडून राहतो.

ज्या रावेर तालुक्यात आपण राहतो तेथे या शास्त्राइतका आपल्या हाताजवळचा दुसरा विषय नाही, हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि मध्ये नजर पोहोचेल तेथवर केळीच्या बागा. आपल्यापैकी कितीतरी घरांतील माणसे पिढ्यान्पिढ्या या बागांत राबली. खड्डे खोदणे, पिले कापणे, घड उतरवणे, पाठीवर वाहणे आणि गाडीत भरणे ही कामे त्यांनी केली. माझे वडीलही घड कापणीच्या टोळीत होते. त्यांच्या सदऱ्यावरचे केळीच्या चिकाचे काळे डाग आई सोडा घालून घासायची, पण ते कधी गेले नाहीत. ते डाग का जात नाहीत, हे मला वनस्पतिशास्त्राच्या वर्गात कळले. केळीच्या चिकात टॅनिनसारखी द्रव्ये असतात. हवेतील प्राणवायूशी संयोग झाला की ती काळी पडतात आणि कापडाच्या धाग्याला घट्ट धरून बसतात. कापलेले वांगे किंवा सफरचंद काळे पडते त्याच जातीची ही क्रिया आहे.

झाडाचे खोड कोठे असते?

कॉलेजच्या पहिल्या वर्षी प्रात्यक्षिकाच्या तासाला सरांनी केळीचे चित्र दाखवून विचारले, "यातील खोड कोणते?" सर्वांनी उंच, गुळगुळीत खांबाकडे बोट दाखवले. मी म्हणालो, "सर, खोड तर जमिनीत असते. त्यालाच कंद म्हणतात. लागवडीला आम्ही तोच खणून काढतो." सर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "बरोबर." कॉलेजात माझे बरोबर आलेले ते पहिले उत्तर. ते मी पुस्तकात वाचले नव्हते, वडिलांबरोबर कंद खणताना पाहिले होते.

पुस्तकाने त्यात पुढची भर घातली. जमिनीवर दिसणारा खांब म्हणजे एकमेकांभोवती गुंडाळलेले पानांचे तळभाग होत. शास्त्रात त्याला आभासी खोड म्हणतात. त्यात लाकूड नसते. म्हणून इतकी उंच वाढूनही केळ हे शास्त्राच्या हिशेबाने झाड नसून फार मोठे रोप आहे. याच कारणाने मे महिन्याच्या वादळात बाग भुईसपाट होते आणि बांधावर वाऱ्याला अडवणारी शेवरीसारखी झाडे लावावी लागतात.

फुलोऱ्याचेही तसेच. घडाला किती फण्या येणार हे घड बाहेर दिसू लागते तेव्हा ठरत नाही. त्याआधी कित्येक आठवडे, कंदाच्या टोकाशी, आभासी खोडाच्या आत डोळ्यांना न दिसता फुलोरा तयार होतो आणि तेव्हाच फण्यांची संख्या ठरून जाते. त्या काळात पाणी तुटले किंवा अन्न कमी पडले, तर पुढे कितीही खत ओतून फण्या वाढत नाहीत. फार तर असलेली केळी भरतात. मृगबाग आणि कांदेबाग यांचे घड सारखे का नसतात, याचे एक कारण येथे सापडते. केळ ही उष्ण आणि दमट प्रदेशातील वनस्पती आहे. पौष-माघातील थंडीत तिची नवी पाने निघण्याचा वेग मंदावतो आणि रावेरच्या उन्हाळ्यात ती होरपळते. कोणत्या महिन्यात लावलेल्या बागेचा फुलोरा कोणत्या हवामानात सापडतो, यावर सारा हिशेब अवलंबून असतो. अनुभवी शेतकऱ्याला आणि जुन्या मजुराला हे ठाऊक असते. वनस्पतिशास्त्र त्यामागचे कारण सांगते.

एकाच रोपाच्या लाखो प्रती

आपण खातो त्या केळ्यात बी का नसते, याचा विचार आपण क्वचितच करतो. रानटी केळीत टणक बिया असतात. तिच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात, एका संचात अकरा. आपल्या बसराई किंवा ग्रँड नैन जातीत मात्र तीन संच, म्हणजे तेहतीस गुणसूत्रे असतात. तीनची जोडी लागत नाही, त्यामुळे बी धरत नाही. म्हणून लागवड कंदाने करावी लागते किंवा प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाने, म्हणजे टिश्यू कल्चरने, रोपे तयार करावी लागतात. दोन्ही रीतींनी मिळणारे रोप हे मूळ रोपाची नक्कल असते. नवती असो वा पिलबाग, सारी बाग एकाच रोपाच्या प्रतींनी भरलेली असते.

याचा फायदा म्हणजे माल एकसारखा निघतो. तोटा असा की एका रोपाला जो रोग मारतो तो सर्वांना मारू शकतो. मध्य अमेरिकेत ग्रॉस मिशेल नावाच्या केळीवर मोठा व्यापार उभा होता. फ्युजेरियम नावाच्या कवकामुळे होणाऱ्या मर रोगाने, म्हणजे पनामा रोगाने, तो १९६० च्या सुमारास बुडाला. त्या जागी या रोगाला दाद न देणारी कॅव्हेंडिश केळी आली. आपली बसराई आणि ग्रँड नैन याच कुळातील आहेत. आता त्याच कवकाचा टीआर-४ नावाचा नवा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो. तो भारतात बिहारमध्ये आढळला आहे आणि २०१९ मध्ये कोलंबियात पोहोचल्याचे जाहीर झाले. हे कवक मातीत अनेक वर्षे टिकते आणि त्यावर खात्रीचे औषध नाही. चिखलाचे बूट, अवजारे आणि रोगट कंद यांतून ते एका शेतातून दुसऱ्या शेतात जाते. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले याचा आपल्याला अभिमान आहे. पण हे पीक किती नाजूक पायावर उभे आहे, हे समजणारी माणसे आपल्या तालुक्यात किती आहेत?

हरण्या रोगाचे उदाहरण तर घरचेच. २०२० च्या पावसाळ्यात रावेर-यावल भागात कुकुंबर मोझॅक व्हायरसमुळे कोवळ्या बागा उपटून टाकाव्या लागल्या, हे आपण पाहिले. पानांवर पिवळे पट्टे दिसले की मजूरसुद्धा म्हणतो, "हरण्या आला." पण फवारणीवर फवारणी करूनही रोग का थांबत नाही? हा विषाणू मावा या किडीच्या सोंडेला चिकटून जातो. रोगट पानात सोंड खुपसून रस चाखायला माव्याला काही क्षण पुरतात आणि पुढच्या झाडावर बसताच तो विषाणू तेथे सोडतो. औषधाने मावा मरेपर्यंत काम होऊन गेलेले असते. शिवाय झाडात शिरलेल्या विषाणूला मारणारे औषध शेतकऱ्याच्या हाती नाही. म्हणून रोगट रोप दिसताच उपटून नष्ट करणे, बागेत काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची यांसारखी विषाणूला आसरा देणारी पिके न घेणे, तण काढणे आणि विषाणूची तपासणी झालेलीच रोपे आणणे हे खरे उपाय ठरतात. कारण समजले की उपाय समजतो आणि फुकट जाणारा पैसा वाचतो. हा वाचणारा पैसा शेतकऱ्याचा असतो आणि बाग टिकली तर मजुराची मजुरीही टिकते.

या अभ्यासक्रमात काय असते?

बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्रात प्रथम वनस्पतींची मोठी कुळे शिकवतात. डबक्यातील शैवाल, भाकरीवरची बुरशी म्हणजे कवके, पावसाळ्यात भिंतीवर उगवणारे मॉस, नेचे, सूचिपर्णी वृक्ष आणि शेवटी फुले येणाऱ्या वनस्पती असा हा क्रम असतो. पुढे पेशी व गुणसूत्रे, आनुवंशिकी, वनस्पती पाणी कसे ओढते व अन्न कसे तयार करते याचे शरीरक्रियाशास्त्र, वनस्पतींचे रोग, परिस्थितिकी आणि जैवतंत्रज्ञान हे भाग येतात. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नव्या शैक्षणिक धोरणानुसार मुख्य विषय व दुय्यम विषय अशी रचना आली असून चौथ्या वर्षाची सोय आहे. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेरही पडता येते.

प्रात्यक्षिक हा या विषयाचा प्राण होय. सूक्ष्मदर्शकाखाली ब्लेडने पातळ छेद घेताना बोट कापते. सहलीत ऊन लागते. वनस्पती वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून वाळवायची, जाड कागदावर चिकटवायची आणि कोपऱ्यात चिठ्ठी लावायची. चिठ्ठीवर शास्त्रीय नाव, कुळ, स्थानिक नाव, ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहायचे. या संग्रहाला हर्बेरियम म्हणतात. आपल्या तालुक्यातील पाल परिसरात एक दिवस फिरले तरी साग, अंजन, सालई, धावडा, पळस, मोह अशी झाडे सापडतात. तडवी आणि पावरा बांधवांना त्यांचे उपयोग तोंडपाठ असतात. आपल्या भागात असे काम करून कोणी काही मिळवले आहे काय, असे कोणी विचारील. धुळ्यात अध्यापन केलेले डॉ. डी. ए. पाटील यांचा धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील वनस्पतींवरचा ग्रंथ २००३ मध्ये आला. पुढे क्षीरसागर व पाटील यांचा जळगाव जिल्ह्यातील वनस्पतींवरचा ग्रंथ २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. खानदेशातील रानावनात पायी हिंडून गोळा केलेल्या अशाच चिठ्ठ्यांतून ते उभे राहिले. आज कोठेही खानदेशच्या वनस्पतींविषयी लिहायचे तर ते उघडावे लागतात.

लॅटिन नावांची भीती

मराठी माध्यमातून आलेला आपला विद्यार्थी पहिल्या महिन्यातच इंग्रजी पुस्तक आणि लॅटिन नावे पाहून घाबरतो. कित्येक जण येथेच मागे फिरतात. त्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. ही नावे इंग्रजी माध्यमाच्या मुलालाही तेवढीच परकी असतात. या एका बाबतीत सर्वांची सुरुवात एकाच रेषेवरून होते.

नावांची गरज का पडली तेही पाहा. विहाराच्या अंगणातील पिंपळाला हिंदी माणूस पीपल म्हणतो, तमिळ माणूस अरसमरम म्हणतो आणि श्रीलंकेतील माणूस बो म्हणतो. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ मध्ये वनस्पतींना दोन शब्दांचे नाव देण्याची पद्धत सर्वत्र लागू केली आणि पिंपळाला फायकस रिलिजिओसा हे नाव मिळाले. पहिला शब्द घराण्याचा, दुसरा त्या जातीचा. वड, उंबर आणि पिंपळ तिघेही फायकस. नाव ऐकताच नाते कळते. आणि नाते कळले की उंबराला फूल का दिसत नाही याचे उत्तर पिंपळालाही लागू पडते. फुले फळाच्या आत असतात आणि एक बारीकशी गांधीलमाशीच्या जातीची कीड आत शिरून परागीभवन करते. रोज पाच नावे वहीत लिहून, ती झाडे प्रत्यक्ष पाहून पाठ केली तर सहा महिन्यांत भीती जाते. हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

१९९० हे वर्ष

आपल्यासाठी १९९० हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी १५ ऑगस्ट रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. त्याआधी खानदेशातील महाविद्यालये पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. २०१८ पासून या विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे. अक्षरओळख नसलेल्या, शेतात राबलेल्या स्त्रीचे नाव विद्यापीठाच्या कमानीवर असावे, ही शिकणाऱ्या प्रत्येक कष्टकऱ्याच्या मुलाला धीर देणारी गोष्ट आहे. त्याच १९९० मध्ये संसदेने कायदा करून बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींच्या लोकांना केंद्राच्या सवलती खुल्या केल्या. राज्याने काही सवलती आधीपासून दिल्या होत्या, पण केंद्राचे दार त्या वर्षी उघडले.

शिष्यवृत्तीचे मूळ त्याहून जुने आहे. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली. त्या वेळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. आज या शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरावा लागतो. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते ही कागदपत्रे अकरावीत असतानाच तयार ठेवावीत. उत्पन्नाची मर्यादा आणि शेवटची तारीख दरवर्षी नीट पाहावी. तारीख चुकल्यामुळे वर्ष गेलेली हुशार मुले मी पाहिली आहेत.

पुढे काय?

येथे खरे बोलले पाहिजे. नुसत्या बी.एस्सी.ने नोकरी मिळेल असे समजू नये. तसेच कृषी पदवी आणि वनस्पतिशास्त्राची पदवी यांची गल्लत करू नये. कृषी सेवकासारख्या पदांसाठी कृषी पदविका किंवा पदवीच लागते. ज्याला तिकडे जायचे असेल त्याने राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाशी जोडलेल्या महाविद्यालयांचा विचार करावा.

वनस्पतिशास्त्र घेणाऱ्यापुढे मुख्य वाटा अशा आहेत. बी.एड. करून शाळेत विज्ञान शिक्षक होता येते. लोकसेवा आयोगाच्या वनसेवा परीक्षेला हा विषय पात्र धरला जातो. ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा आणि बियाणे कंपन्या यांत सूक्ष्मदर्शकाखाली हात बसलेल्या मुलांची गरज असते, आणि जळगाव हे तर टिश्यू कल्चर केळीचे मोठे केंद्र आहे. एम.एस्सी. झाल्यावर सेट किंवा नेट देऊन प्राध्यापक होता येते. सीएसआयआर-यूजीसीच्या जीवशास्त्र विषयाच्या परीक्षेत कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली तर २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात. अनुसूचित जातींसाठी स्वतंत्र राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे आणि पुण्याची बार्टी संस्थाही संशोधकांना साहाय्य देते. वाट लांब आहे, पण वाटेत पैसा अगदीच नाही असे नाही.

आपल्यासारख्या स्थितीतून या शास्त्रात गेलेल्या माणसांची उदाहरणेही आहेत. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचा जन्म अमेरिकेत गुलाम आईच्या पोटी झाला. वीणा गवाणकर यांच्या 'एक होता कार्व्हर' या पुस्तकामुळे ते मराठी घराघरांत पोहोचले. पण त्यांचा विषय वनस्पतिशास्त्र होता आणि त्यांनी आयोवातील सरकारी जमिनीच्या देणगीवर उभ्या राहिलेल्या महाविद्यालयातून १८९४ मध्ये पदवी घेतली, हे आपण विसरतो. १८९६ मध्ये टस्कगीला जाऊन त्यांनी सततच्या कपाशीने निकस झालेल्या जमिनीत भुईमूग आणि शेंगवर्गीय पिके घ्यायला गरीब शेतकऱ्यांना शिकवले. या पिकांच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र धरून ठेवतात. कपाशी आणि भुईमूग दोन्ही पिकवणाऱ्या खानदेशाला हे वेगळे सांगायला नको. आपल्या देशात केरळच्या थिय्या समाजात १८९७ साली जन्मलेल्या जानकी अम्माल यांनी १९३१ मध्ये मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली, कोइमतूरला उसाच्या गुणसूत्रांवर काम केले आणि १९४५ मध्ये डार्लिंग्टन यांच्यासोबत लागवडीखालील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा मोठा संदर्भग्रंथ सिद्ध केला.

समाजबांधवांना विनंती

आपल्या मुलाने किंवा मुलीने हा विषय घेतला तर तिला "पाने मोजशील का" असे विचारू नका. घरातील जुन्या माणसांनी तिला बागेत न्यावे, रोगट पान ओळखायला शिकवावे, कंद कसा निवडतात ते दाखवावे. मुलीने त्यांना त्यामागचे कारण वाचून सांगावे. आपल्या संस्थेनेही अभ्यासिकेत एक साधा सूक्ष्मदर्शक, दहा-बारा हातभिंगे आणि बी.एस्सी.ची जुनी पुस्तके ठेवली, तर खर्च फार येणार नाही. पुढच्या पावसाळ्यात पालच्या रानात एक दिवसाची सहल काढावी आणि प्रत्येक विद्यार्थ्याने एक वनस्पती वाळवून आणावी. कागदाच्या कोपऱ्यातील चिठ्ठीवर तो लिहील: ठिकाण, ता. रावेर, जि. जळगाव. त्याखाली, गोळा करणाऱ्याच्या जागी, आपल्या घरातील मुलाचे नाव असेल. माझ्या वडिलांनी आयुष्यभर हजारो घड वाहिले, पण त्यांचे नाव कोठल्याही कागदावर लागले नाही. पुढच्या पिढीचे लागावे.